लुचीयाच्या केसातली चांदी: ब्रियान्झाची स्पेरादा ओळखायची, रचायची, जपायची आणि विकत घ्यायची कशी

उत्तर इटलीत मिलानच्या वर, कोमो आणि लेक्को या दोन शहरांच्या खालच्या अंगाला जो टेकड्यांचा पट्टा आहे त्याला ब्रियान्झा म्हणतात. तिथल्या एखाद्या जत्रेत किंवा मिरवणुकीत गेलात तर जुन्या पोशाखातल्या बायकांच्या डोक्यामागे चांदीचे काटे अर्धवर्तुळात पसरलेले दिसतात, हीच स्पेरादा. कोणी राज्जेरा म्हणतं, गावागणिक अजून नावं आहेत, पण स्पेरादा म्हटलं की तिकडे सगळ्यांना कळतं. एकेकाळी हा तिथल्या शेतकरी घरातल्या मुलींचा लग्नाचा दागिना होता. म्हणजे लग्न ठरल्यावर मिळायला लागायचा, लग्नात पूर्ण मिरवायचा आणि पुढे सणावाराला निघायचा.

मी याच भागात राहते, केसांचे जुने दागिने हा माझा जीव की प्राण विषय आहे, आणि लेक कोमोला येणाऱ्या आपल्या लोकांकडून मला तेच ते प्रश्न येत असतात. हे खरं चांदीचं असतं का, एक सुटा काटा घेतला तर चालेल का, डोक्यावर बसतं कसं, पडत नाही का. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते. लांब आहे, पण ज्यांना नाटकासाठी, डान्स ग्रुपसाठी, कलेक्शनसाठी किंवा नुसतं म्युझियममध्ये उभं राहून कळावं म्हणून हवंय त्यांना कामाला येईल.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: स्पेरादा हा एक दागिना नाही, तो जमवलेला दागिना आहे. सुटे सुटे भाग एकत्र येऊन तो होतो आणि ते सगळे एकाच दिवशी एकाच सोनाराकडून आलेले असतील असं नाही. ओळखताना, घालताना, विकत घेताना, प्रत्येक ठिकाणी हे उपयोगी पडतं.

आधी भाग ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे स्पोंतोने. ही एक आडवी दांडी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना ऑलिव्हच्या आकाराचे लांबट गोळे असतात. बघणाऱ्याला वाटतं एवढे मोठे गोळे केसातून पार कसे गेले, तर गंमत अशी की एका बाजूचा गोळा निघतो, आत आटे असतात, तो फिरवून काढायचा, दांडी अंबाड्यातून आरपार घालायची आणि पलीकडून गोळा परत बसवायचा. गोळे बहुतेक वेळा पोकळ असतात, पत्र्याचे दोन अर्धे ठोकून एकमेकांना झाळलेले, त्यामुळे जुन्या स्पोंतोनेवर पोचे आलेले हमखास दिसतात. अख्खी रचना या दांडीवर तोललेली असते. समोरून बघितलं तर मानेच्या वर दोन्ही कानांमागे हे दोन चांदीचे गोळे डोकावतात.

दुसरा भाग म्हणजे काटे, स्पादीने म्हणतात त्यांना. हे लांब आणि सरळ, एक टोक निमुळतं आणि दुसरं चपटं होत गेलेलं, चमच्यासारखं किंवा पानासारखं. चपट्या भागावर कोरीव काम असतं, फुलं, पानं, ठिपक्यांच्या रांगा, क्वचित नुसत्या रेघा. हे काटे अंबाड्यात असे खोचतात की निमुळती टोकं आत मध्याकडे आणि चपटी डोकी बाहेर, म्हणजे मागून डोक्याभोवती किरणं फुटल्याचा आकार येतो. भरलेल्या सेटात वीसच्या वर काटे सहज असतात, पैसेवाल्या घरात त्याहून बरेच जास्त.

बस एवढंच, दोन प्रकारचे भाग. पण काटे हातात घेऊन एकेक बघितले की मजा कळते. एकाच सेटात दहा काट्यांवर एक नक्षी आणि चार काट्यांवर वेगळी, दोन जरा लांब, एखाद्याचं डोकं किंचित जास्त रुंद. माझ्याकडे एक काटा आहे ज्याच्या पानावर मधोमध एक छोटं फूल कोरलंय आणि पाकळ्या पाच हव्यात तिथे कारागिरानं सहा बसवल्यात, सहावी बिचारी देठाला चिकटून बारीकशी. तो काटा ज्या सेटातून सुटला त्यातले बाकीचे काटे कुठे असतील असं मला नेहमी वाटत राहतं.

रीत काय होती

लग्न ठरलं की मुलाकडून मुलीला चांदी यायची हा या रीतीचा गाभा. ऐपत असेल तर एकदम बरीच, नाहीतर थोडी थोडी. त्यात मुलीच्या आईचे, आजीचे काटे मिसळायचे, पुढे बरे दिवस आले की अजून भर पडायची. लहान मुलींच्या डोक्यावर हे नसायचं, वयात आल्यावर, लग्नाचं बघायला लागल्यावर सुरू व्हायचं. आपल्याकडे बाईच्या गळ्यात काय आहे त्यावरून जसं कळतं तसं तिकडे केसांवरून कळायचं, मुलीचं ठरलंय का, घर कसं आहे. काट्यांची संख्या सगळ्या गावासमोर असायची, लपवायची सोयच नाही, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बायका पुढच्यांचे काटे मोजत असणार यात मला काडीची शंका नाही.

चांदी शेतकऱ्यांना परवडायची कशी, हा प्रश्न बरोबर आहे. या भागाचं उत्तर म्हणजे रेशीम. कोमो, लेक्को, ब्रियान्झा हा इटलीतला रेशमाचा मोठा पट्टा, घराघरात तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे वाढवायचे आणि हे काम मुख्यतः बायका-पोरींच्या हातचं, मग उन्हाळ्याच्या तोंडावर कोष विकले की रोख पैसा हातात यायचा. शिवाय मुली फिलांदात, म्हणजे कोषातून धागा काढायच्या कारखान्यात, कामाला जायच्या, कढत पाण्यात हात घालून दिवसभर. त्या कष्टाच्या पैशातून थोडी चांदी अंगावर येत असे आणि अडचण आली तर तीच चांदी मोंते दि पिएतात, म्हणजे गहाण ठेवून घेणाऱ्या धर्मादाय पेढीत, जाऊ शकत असे. म्हणून हा नुसता नटायचा दागिना समजू नका, ती बाईची पुंजी होती, आणि सुट्या काट्यांची असल्यामुळे सगळी न मोडता त्यातली थोडीशी मोडता येण्यासारखी पुंजी होती.

आता लुचीयाबद्दल, कारण तिकडे कोणालाही स्पेरादाबद्दल विचारा, पहिलं नाव तिचंच येतं. आलेस्सांद्रो मान्झोनीची 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी इटलीत शाळेत प्रत्येकाला वाचावी लागते, पहिली आवृत्ती 1827 ची आणि भाषा सुधारून काढलेली 1840 ते 1842 मधली. गोष्ट 1628 मध्ये लेक्कोजवळ सुरू होते. रेन्झो रेशीम कामगार, लुचीया त्याची होणारी बायको, आणि गावचा जमीनदार डॉन रोद्रीगो त्यांचं लग्न होऊ देत नाही. दुसऱ्या प्रकरणात लुचीया नवरीच्या वेषात तयार आहे, मैत्रिणी तिला घेरून उभ्या आहेत, आणि तिथे मान्झोनी तिच्या केसांचं वर्णन करतो: मधोमध बारीक पांढरा भांग, मागे वेण्यांची वेटोळी, त्यातून गेलेले चांदीचे लांब काटे जे तेजोवलयाच्या किरणांसारखे पसरलेत, आणि पुढे म्हणतो की मिलानच्या भागातल्या शेतकरी बायका अजूनही असंच करतात. हा 'अजूनही' माझ्या दृष्टीनं फार मोलाचा, कारण तो 1628 बद्दल लिहितोय पण बघतोय स्वतःच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, रस्त्यावर चालताना. तेव्हा कादंबरीवरून सतराव्या शतकाचा पुरावा काढायला जाऊ नका, पण एकोणिसाव्या शतकात हे सर्रास दिसत होतं हे नक्की. आणि ज्या लग्नासाठी ती नटलीय ते त्या दिवशी होतच नाही, काटे डोक्यात तसेच. हे एकदा वाचल्यावर कुठल्याही म्युझियममधली स्पेरादा मला नुसती वस्तू म्हणून बघता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपडे बदलले, केस कापायची पद्धत आली आणि रोजच्या आयुष्यातून हे गेलं. टिकलं ते लोककला मंडळांमुळे. फिरलिनफेऊ म्हणजे नळ्यांची बासरी वाजवणारी मंडळं या भागात गावोगाव आहेत, एर्बा गावचं 'ई बेय' हे मंडळ त्यातलं नावाजलेलं, आणि त्यांच्यातल्या बायका स्पेरादा घालूनच कार्यक्रमाला उभ्या राहतात.

कुठे बघायचं

मिलानहून लेक्कोला ट्रेननं साधारण पाऊण तास लागतो. तिथे मान्झोनी कुटुंबाचं घर आता म्युझियम आहे, त्याच्याशी संबंधित वस्तू आणि चित्रं आहेत, आणि जवळच पेस्कारेनिको ही कोळ्यांची जुनी वस्ती कादंबरीत आहे तशी पायी फिरून बघता येते. गाल्बियाते गावाच्या हद्दीत, मोंते बार्रोच्या डोंगरावर, काम्पोरेझो वस्तीत आल्ता ब्रियान्झाचं लोकजीवनाचं म्युझियम आहे, शेतकरी घर आतून कसं असायचं ते तिथे कळतं. गार्लातेला रेशमाचं म्युझियम आहे, आबेग नावाचं, ते मी तरी चुकवू नका म्हणेन, कारण चांदीच्या मागचा पैसा कुठून आला ते तिथली यंत्रं बघून समजतं. लहान म्युझियमं रोज उघडी नसतात, निघायच्या आधी वेळा बघूनच जा.

रोमला जाणार असाल तर एऊर भागातलं लोककला आणि परंपरांचं म्युझियम बघा, आता ते म्युझेओ देल्ले चिविल्ता या मोठ्या संस्थेचा भाग आहे. इटलीच्या एकीकरणाला पन्नास वर्षं झाली म्हणून 1911 मध्ये रोममध्ये देशभरातले पोशाख-दागिने गोळा करून मोठं प्रदर्शन भरवलं होतं, लाम्बेर्तो लोरिया यांच्या पुढाकारानं, तो संग्रह तिथे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही इटालियन शेतकऱ्यांच्या दागिन्यांचा मोठा संग्रह आहे, रोमच्या कास्तेल्लानी या जवाहिऱ्यांच्या घराण्यानं 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेला. घरबसल्या बघायचं असेल तर त्यांच्या साईटवर इंग्रजीत 'लोम्बार्डी' (ब्रियान्झा ज्या प्रांतात आहे तो) आणि 'हेअरपिन' टाकून शोधा, फोटो चांगले मोठे करून बघता येतात.

आणि हो, इटलीत दिसणारा प्रत्येक चांदीचा केसाचा काटा म्हणजे स्पेरादा नव्हे. रोमच्या आसपास एकच मोठा काटा लावायची पद्धत होती, कधी तलवारीच्या आकाराचा, कधी वर हाताचा पंजा किंवा मूठ असलेला. दक्षिणेकडे जाल तसे स्प्रिंगवर हलणाऱ्या फुलांचे काटे भेटतात. अब्रुत्सो प्रांतातली प्रेझेन्तोझा ही तर केसातली नाहीच, गळ्यातली, चांदणीच्या आकाराची तारकामाची चकती आणि मधे हृदय, एक असेल तर मुलगी मोकळी आणि दोन असतील तर ठरलेली असं सांगतात. दुकानदार घाईत सगळं एकाच नावानं विकतो, म्हणून माहीत असलेलं बरं.

डोक्यावर रचायची कशी

इथे सावकाश वाचा. हे एकटीनं होत नाही, मागे उभी राहणारी एक व्यक्ती हवीच, पूर्वीही मैत्रिणी किंवा आईच करायची.

केस आदल्या दिवशी धुवा आणि तेल अजिबात लावू नका. आपल्याला सवय असते वेणीआधी तेलाचा हात फिरवायची, पण तेलकट केसात चांदीचा गुळगुळीत काटा तासाभरात खाली सरकतो. त्याच दिवशी धुतलेले केसही नकोत, तेही निसटतात. लांबी खांद्याच्या खाली वीतभर तरी हवी, नसेल तर सरळ गंगावन लावा, तिकडची मंडळंसुद्धा खोटी वेणी लावतात, त्यात काही कमीपणा नाही.

भांग मधोमध, कपाळापासून थेट मानेपर्यंत. कंगव्याच्या टोकानं पाडा, बारीक आणि सरळ, कारण समोरून दिसणारी एकच रेघ ती असते आणि वाकडी झाली तर मागे कितीही सुंदर केलंत तरी चेहरा विस्कटलेला दिसतो. समोरचे केस चापून बसवा, फुगा नको.

आता दोन वेण्या, कानांच्या मागून, तीन पेडी, घट्ट. पातळ केस असतील तर पेडात काळी रिबन किंवा केसांच्या रंगाची जाडसर लोकर गुंफून घ्या, वेणी भरते आणि मुख्य म्हणजे काट्याला धरायला काहीतरी मिळतं. वेणी सैल झाली तर पुढचं सगळं फुकट, म्हणून इथे घाई करू नका, परत घालावी लागली तरी घाला.

दोन्ही वेण्या डोक्याच्या मागे कानांच्या रेषेत एकमेकींवरून गुंडाळत न्या आणि चपटा अंबाडा करा. चपटा हा शब्द महत्त्वाचा, आपला नेहमीचा गोल उंच अंबाडा इथे चालत नाही, कारण काटे वेटोळ्यांच्या थरांमधून सरकत जायला हवेत. साध्या आकड्यांनी अंबाडा कडेकडेनं पक्का करा, बरेच आकडे लागतात, लागू देत. मग डोकं जोरात हलवून बघा. अंबाडा जागचा हलला तर पुढे जाऊ नका.

स्पोंतोने आता. एका बाजूचा गोळा फिरवून काढा आणि खिशात ठेवा, टेबलावर ठेवला की घरंगळतो आणि जुन्या गोळ्याच्या आट्यांशी जुळणारा दुसरा मिळणं जवळपास अशक्य. दांडी अंबाड्याच्या खालच्या तिसऱ्या भागातून आडवी सरकवा, वेटोळ्यांच्या खालून पण डोक्याला न टोचता, दोन्ही वेण्यांना पकडत पलीकडे काढा. बाहेर आल्यावर गोळा बसवा, बोटानं हलकेच आवळा, पक्कड लावू नका. दोन्ही गोळे मानेपासून सारख्या उंचीवर आलेत का बघा. दांडी थोडी तणावात बसली पाहिजे, सैल लोंबायला नको, कारण काट्यांचा भार खाली ओढतो तो हीच दांडी पेलते.

काटे खोचायच्या आधी ते लांबीप्रमाणे कापडावर मांडून घ्या. सगळ्यात लांब मधे, आखूड कडेला. पहिला काटा बरोबर वर मध्यावर, भांगाच्या रेषेत. निमुळतं टोक वेणीच्या थरात घुसवा आणि डोक्याला समांतर ठेवून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवा, टाळूकडे तिरपं नेऊ नका, टोचतं आणि काटा उभा राहतो. मग डावीकडे एक, उजवीकडे एक, डावीकडे एक, उजवीकडे एक, असं जा. एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूला संपवायचा मोह होतो पण मग शेवटी अंतर जुळत नाही आणि सगळं काढावं लागतं. दोन काट्यांच्या डोक्यांमधे हलकं अंतर राहू द्या, एकमेकांवर चढले की चालताना वाजतात आणि कोरीव काम घासलं जातं. शेवटचे काटे दोन्ही बाजूंना स्पोंतोनेच्या गोळ्यांच्या जरा वर येऊन थांबतात, त्याच्या खाली काटे नको.

नक्षी न जुळणारे काटे असतील तर ते कडेला लपवायची गरज नाही. मी उलट आईचा, आजीचा म्हणून जो काटा असेल तो मधे लावा असं सांगते.

झाल्यावर मागून फोनवर फोटो काढून घालणारीला दाखवा. तिला बसवा, उठवा, मान दोन्हीकडे वळवायला लावा. कपाळाच्या कडेला ओढल्यासारखं दुखत असेल तर वेण्या नाही, आकडे सैल करा. पूर्ण सेटाचं वजन जाणवतं, पहिल्यांदा घालणारीनं दोन तासांच्या वर ठेवू नये. कारमध्ये बसताना मागे टेकता येत नाही हे आधीच सांगून ठेवा, पुढे सरकून बसावं लागतं. काढताना बरोबर उलट्या क्रमानं, आधी कडेचे काटे, मग मधले, शेवटी दांडी. दांडी आधी काढली तर अख्खा अंबाडा काट्यांसकट खाली येतो.

मिरवणुकीसाठी आजकाल काटे आधीच एका पट्टीवर बसवलेले सेटही असतात, ते अंबाड्यावर नुसते बांधायचे. लहान मुलींच्या नाचाला ते ठीक आहेत, सोयीचे आहेत, पण मोठ्या बाईच्या डोक्यावर ते सगळे काटे एकसारखे ताठ दिसतात आणि केसातून फुटल्यासारखे वाटत नाहीत.

बाकी पोशाखाला लुचीयाचाच आधार घ्या: फुलाफुलांच्या जरतारी कापडाची चोळीवजा बॉडिस, रिबिनींनी बांधलेल्या सुट्या बाह्या, बारीक चुण्यांचा रेशमी आखूड घागरा, लाल मोजे, भरतकामाच्या सपाता, आणि गळ्यात गार्नेटचे लाल मणी मधेमधे तारकामाच्या सोन्याच्या मण्यांसोबत. लेक कोमोला लग्न करायला येणाऱ्या काही जणी विचारतात की शालू-पैठणीवर हे लावलं तर? माझं मत स्पष्ट आहे, एखादा काटा अंबाड्यात खोचा, छान दिसतो, पण पूर्ण स्पेरादा तिच्या पोशाखाबरोबरच घाला.

साफसफाई आणि ठेवणं

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, त्यामुळे रबरबँड, लोकरीचं कापड, स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांच्यात काटे कधीच ठेवू नका. प्रत्येक काटा मऊ सुती कापडात किंवा आम्लमुक्त कागदात, आणि कोरड्या डब्यात. साफ करायला कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, बस. स्पोंतोनेचे पोकळ गोळे पाण्यात बुडवू नका, सांध्यातून पाणी आत गेलं की निघत नाही आणि आतून खातं, ते ओलसर कापडानंच पुसा. बेकिंग सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलचा जो उपाय सगळीकडे फिरतो तो जुन्या कोरीव कामावर करू नका, कोरलेल्या रेघांमधला काळेपणाही निघून जातो आणि नक्षी सपाट, आंधळी दिसायला लागते. तो काळेपणा हवाच आहे. मुलामा दिलेल्या पितळी काट्यांवर तर पॉलिश अजिबात नको, थोड्या वेळात पिवळं डोकावतं. हेअरस्प्रे मारायचा असेल तर काटे खोचायच्या आधी.

विकत घेताना

मिलानला नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी बहुतेक महिन्यांच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, ब्रियान्झातल्या गावांमधेही छोटे बाजार असतात. सुटे काटे बरेच मिळतात, स्पोंतोने कमी, पूर्ण सेट क्वचित.

शिक्क्याचं आधी समजून घ्या. इटलीत जुन्या चांदीवर बहुतेक वेळा 800 दिसतं, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. आपल्याकडे 925 ऐकायची सवय असते म्हणून 800 बघून लोक नाक मुरडतात, पण तिकडे तोच नेहमीचा कस होता आणि बारीक काट्याला तो जरा कडकही पडतो. एकीकरणानंतर 1872 च्या कायद्यानं शिक्का मारून घेणं ऐच्छिक केलं होतं, त्यामुळे त्या काळातला काटा बिनशिक्क्याचा असला म्हणून खोटा ठरत नाही. उलट चौकोनी-षटकोनी चौकटीत चांदणी, आकडा आणि जिल्ह्याची दोन अक्षरं असा शिक्का असेल तर तो 1968 च्या कायद्यानंतरचा माल, आणि विकणारा त्याला आजीच्या काळातला म्हणत असेल तर हसून पुढे चला. नवीन काम वाईट असतं असं नाही, पण नव्याच्या भावात घ्या.

लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, तो फक्त लोखंड पकडतो, पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्याला चिकटत नाहीत. गरीब घरात पितळेचे, मुलाम्याचे काटेही होते आणि ते जुनेच आहेत, खोटे नाहीत, फक्त किंमत चांदीची देऊ नका. मुलामा ओळखायला डोक्याच्या कडा आणि टोकाजवळचा भाग बघा, केसातून सतत घासून तिथेच पिवळा रंग आधी दिसतो. कस तपासायचा असेल तर अॅसिडचा थेंब टाकू देऊ नका, डाग राहतो, सराफाकडे एक्सआरएफ मशीन असतं त्यानं न खरवडता कळतं, भारतात हॉलमार्किंग सेंटरमध्येही होतं.

मग काटा हातात घेऊन झीज बघा. खरा वापरलेला काटा मधल्या भागात गुळगुळीत झालेला असतो, डोक्याच्या कडा बोटाला मऊ लागतात, कोरीव काम वरून झिजलेलं पण खोलात काळं. हातानं कोरलेल्या रेघेची खोली कमीजास्त असते, साच्यातून ओतलेल्या नक्षीत सगळं एकसारखं बोथट. दांडी डोक्याला जिथे मिळते तिथे नंतर केलेली झाळ आहे का बघा, दुरुस्ती असेल तर भाव कमी करायला सांगा. स्पोंतोनेचा गोळा फिरवून बघितल्याशिवाय पैसे काढू नका, आटे गेलेला स्पोंतोने घालता येत नाही.

सगळे काटे अगदी एकसारखे, एकाच नक्षीचे, एकाच झिजेचे असलेला 'जुना पूर्ण सेट' समोर आला तर मी जास्त प्रश्न विचारते. थोडे वेगवेगळे काटे असलेला सेट मला जास्त पटतो, जमवत गेल्याची खूण त्यात असते. पण हेही खरं की दुकानदार सुटे काटे गोळा करून सेट बनवतात, म्हणून झीज साधारण एकाच प्रकारची आहे का, काटे एकत्र राहिलेत असं वाटतं का, ते बघा. पहिल्यांदा घेत असाल तर एक सुटा चांगला काटा घ्या, सेटाच्या मागे लागू नका.

शेवटी देशाबाहेर न्यायचं. इटलीत सत्तर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर नेताना सांस्कृतिक वारशाचे नियम लागतात. 2017 च्या कायद्यापासून 13,500 युरोच्या खालच्या बहुतेक वस्तूंना परवाना लागत नाही पण जुनी वस्तू कमी किमतीची आहे असं स्वतःचं लेखी निवेदन निर्यात कार्यालयाकडे द्यावं लागतं. दुकानदाराला घेतानाच सांगा, चांगला दुकानदार करून देतो, आणि बिलावर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि किंमत लिहून घ्या, तेच बिल भारतात कस्टमला दाखवायला लागतं. काटे अणकुचीदार असतात, केबिन बॅगेत अडवतात, म्हणून चेक-इन बॅगेत कडक डब्यात, एकेक वेगळा गुंडाळून, स्पोंतोनेचा निघणारा गोळा दांडीवर घट्ट बसवून ठेवा, आणि बिल व निवेदनाची प्रत मात्र हातातल्या पर्समध्ये.